विमानातला माल: लेबलवरचं वजन धरायचं की काट्यावरचं?

तापीकाठ: जळगावहून विमानाने माल पाठवायचा विषय निघाला की सगळे भाड्यावर बोलतात, वजनावर कुणी बोलत नाही. माझं मत सरळ आहे. पाठवणाऱ्याने लिहून दिलेलं वजन लोडशीटवर (विमानातल्या वजनाच्या हिशेबाच्या कागदावर) चढताच कामा नये. प्रत्येक नग विमानतळावरच्या काट्यावर तोलला गेला पाहिजे. भाजी-फळांच्या खोक्यावर छापलेलं वजन निव्वळ मालाचं असतं. पुठ्ठा, आतलं प्लास्टिक, धरलेली ओल मिळून खोकं किलो-सव्वा किलोने जड भरतं. असे ६० नग म्हणजे ७५ किलो कागदावर नसलेलं वजन, एक अख्खा प्रवासी. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लटला बीच १९०० विमान उडताच कोसळलं, २१ माणसं गेली. एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पात्याच्या) केबलची जुळणी चुकली होतीच, पण माणसांचं आणि सामानाचं सरासरी वजन धरून केलेल्या हिशेबात विमान मर्यादेत दिसत होतं आणि प्रत्यक्षात वजन व गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू) दोन्ही मर्यादेबाहेर होते.

सावदेकर: तापीकाठ भाऊ, फळांचं म्हणाल तर आपली केळी विमानाने सहसा कुणी पाठवत नाही, ती रेल्वेने आणि रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरने जाते. विमानाला चढणार ती भाजी, सुटे भाग, कुरिअर. ते असो. तुमचे ७५ किलो २३ टनांच्या एटीआरमध्ये (पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानात) अर्धा टक्कासुद्धा नाहीत. खरी चूक जागेची असते. हिशेब बघा: सरकवलेलं वजन गुणिले अंतर, भागिले विमानाचं एकूण वजन. समजा २०० किलो पुढच्या होल्डऐवजी (मालाच्या कप्प्याऐवजी) मागच्यात गेले, मधलं अंतर १४ मीटर, विमान २० टनांचं. गुरुत्वमध्य १४ सेंटीमीटर मागे सरकला, आणि एकूण वजनात एका किलोचाही फरक नाही! काटा हे पकडणार कसा? ७ ऑगस्ट १९९७ ला मायामीत डीसी-८ मालवाहू विमान पडलं ते असंच. माल चुकीचा भरला गेल्याने गुरुत्वमध्य मागे गेला, ट्रिम (शेपटीच्या आडव्या पंखाचा तोल साधणारा कोन) मात्र कागदाप्रमाणे लावलेला. नाक उचलताच ते वर वरच गेलं आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचलच गेली.

वरणगाव_४५: सावदेकर, उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की अडीचशे मीटर उंचीवरचं जळगाव विमानाच्या लेखी साडेचार हजार फुटांवर असतं. हवा विरळ, पंखांना उचल कमी, इंजिनाचा जोर कमी. तेव्हा मुळात उतरवून ठेवायला लागतो तो मालच. अशा दुपारी ७५ किलो थोडे नाहीत.

जाळी_आणि_पट्टा: दोघंही मोजण्यावर भांडताय, बांधण्यावर कुणीच बोलत नाही. २९ एप्रिल २०१३, अफगाणिस्तानातलं बगराम. ७४७ मालवाहू विमानात पाच चिलखती गाड्या होत्या. उड्डाणाच्या वेळी मागची गाडी सुटली, मागच्या भिंतीतून आरपार गेली, हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीचा पंख हलवणारा स्क्रू तोडला. सातही जण गेले. नुसतं 'गुरुत्वमध्य मागे गेला' म्हणणं तिथे अपुरं आहे, विमान चालवायची साधनंच तुटली होती.

पट्ट्यावर लिहिलेली ताकद सरळ ओढीची असते. २२६८ किलोचा पट्टा जमिनीशी ६० अंशात उभा बांधला तर पुढे-मागे सरकणं रोखायला त्यातले निम्मे, ११३४ किलोच उरतात. शिवाय मागे ओढणारा पट्टा माल मागे जाण्यापासून वाचवत नाही. दोन्ही दिशांना वेगळे लागतात.

आणि जड-लहान नग! पंपाची १२० किलोची मोटर ३० बाय ३० सेंटीमीटरच्या बैठकीवर उभी केली की चौरस मीटरला १३३३ किलो भार येतो. बोइंग ७३७ च्या होल्डची मर्यादा ७३२ आहे. खाली ६० बाय ४० ची जाड, न वाकणारी फळी टाकली की भार ५०० वर येतो. फळीचं वजनही लोडशीटवर धरायचं.

तापीकाठ: फळीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण सावदेकर भाऊ, तुमच्या सूत्रात 'सरकवलेलं वजन' हा आकडा येतो कुठून? काट्यावरूनच ना? माल उड्डाणाच्या दोन-तीन तास आधी जमा होतो, तेव्हाच तोलला तर विमान एक मिनिटही थांबत नाही.

सावदेकर: काट्याला माझी ना नाही. 'काटा झाला म्हणजे काम झालं' याला आहे. शेवटची तपासणी होल्डच्या दारात हवी. लोडरने पुढे किती, मागे किती नग गेले ते मोजून भरणीच्या कागदावर लिहावं आणि सही करून द्यावं. पुढच्या होल्डमध्ये चार नग मावले नाहीत तर ते गुपचूप मागे कोंबायचे नाहीत. आधी कळवायचं, ट्रिम नव्याने काढायचा, मगच दार लावायचं. एटीआरला प्रवासीही मागच्या दारानेच चढतात. पुढचा होल्ड रिकामा असताना मागे माल आणि माणसं एकदम चढली तर शेपूट जमिनीला टेकते. म्हणून शेपटीखाली टेकू लावल्याशिवाय भरणी सुरूच करायची नाही.

तापीकाठ: लोडर मोजून लिहील '४० नग, मागे'. त्यातले दहा नग २५ किलोचे आणि तीस १४ चे असतील तर तो आकडा कुचकामी. काट्यावरचं वजन खडूने नगावरच लिहा आणि होल्डच्या दारात नग नाही, किलो मोजा.

जाळी_आणि_पट्टा: खडू नको, ओल्या पुठ्ठ्यावर पुसतो. चिकटपट्टीचं लेबल लावा, दोन बाजूंना.