बाजूची चीर बाहेरून बुजवण्याबाबत

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या बाजूला पडलेली चीर बाहेरून रबराचे द्रावण भरून बुजवावी, असे सुचवले जाते. परंतु टायरवरचा भार मुख्यतः आतील धाग्यांचे थर पेलतात, त्यामुळे आधी टायर रिमवरून उतरवून चिरेच्या कडा बोटांनी उलगडून पाहाव्यात. धागे शाबूत असल्यास चीर वरवरची समजावी. ते तुटले असल्यास आतून कापडी थरांचे जाड ठिगळ व्हल्कनाइझ करून (टायरच्या रबराशी एकजीव करून) बसवावे लागते, आणि त्याच्या कडा घासून उतरत्या न केल्यास त्या ट्यूबला कुरतडतात (माझी एक नवी ट्यूब अशीच गेली). टायरच्या रिमवर बसणाऱ्या काठातील तार तुटली असल्यास मात्र टायर बादच करावा. ट्यूबमध्ये वजनासाठी भरलेले कॅल्शियम क्लोराइडचे (एका क्षाराचे) पाणी असेल, तर ते झिरपून रिम गंजवते, म्हणून व्हॉल्व्हच्या भोकाभोवतीचा रिमही खरवडून पाहावा. गंजाचे पापुद्रे बहुधा तेथेच सुटलेले असतात.