ठिबकाची गाळणी कोणी धूत नाही: कॉम-बी वापरावे की ईस्ट?

प्रश्न (औसा): आमच्या गटातील बहुतेकांकडे ठिबक आहे, पण गाळणी वेळच्या वेळी धुतली जात नसल्याने ड्रिपर बुजतात. सवय बदलण्याचा कार्यक्रम आखताना 2011 चे कॉम-बी हे वर्तनबदलाचे प्रारूप घ्यावे की त्याच कामाची 2014 ची ईस्ट चौकट?

उत्तर (अंबाजोगाई): दोहोंचे काम वेगळे आहे. क्षमता, संधी (म्हणजे भोवतालची अनुकूल परिस्थिती) आणि प्रेरणा यांपैकी कशात अडले आहे, हे कॉम-बीने शोधता येते. ईस्ट मात्र कृती सोपी, आकर्षक, सामाजिक आणि वेळेवर कशी होईल, एवढेच सुचवते. आम्ही गाळणीचे महत्त्व पटवणारी भाषणे पुष्कळ दिली. बांधावर गेल्यावर कळले, की झाकणाचा क्लॅम्प गंजून घट्ट बसला होता आणि वीज रात्रीची असल्याने अंधारात त्याच्याशी झटापट करायला कोणी धजत नव्हते. अडचण संधीची होती, प्रेरणेची नव्हे.

उत्तर (परतूर): मान्य, परंतु कॉम-बीसाठी नीट मुलाखती घ्याव्या लागतात, आणि लागवड काही आपल्यासाठी थांबत नाही. लहान गटाला ईस्ट परवडते, फक्त निदान चुकल्यास तेही वाया जाते.

प्रश्नकर्ता: मग आधी चार बांध फिरून, क्लॅम्प स्वतः उघडून पाहतो.