खालच्या हॉटेलांमुळे सोसायटीचं चेंबर सारखं तुंबतंय, ग्रीस ट्रॅपने (सांडपाण्यातलं तेल अडवणाऱ्या पेटीने) फरक पडेल का?

कोथरूडचा_सेक्रेटरी:
नमस्कार मंडळी, आमच्या बिल्डिंगखाली दोन हॉटेलं आहेत, एक मिसळीचं आणि एक चायनीज. गेल्या पावसाळ्यापासून गेटजवळचं चेंबर दर पंधरा-वीस दिवसांनी तुंबतं आणि घाण पाणी थेट पार्किंगमध्ये येतं. जेटिंगवाला येतो, प्रेशरच्या पाण्याने लाइन मोकळी करतो, पैसे घेतो, की परत तेच. परवा मी स्वतः झाकण काढून बघितलं तर वर पिवळट पांढरा थर, काठी टोचली तर मेणासारखी रुतली, आत भात आणि कोबी अडकलेला. हॉटेलवाले म्हणतात आम्ही तेल ओततच नाही, फक्त भांडी धुतो. नुसत्या भांड्यांच्या पाण्याने एवढं होतं का?

प्लंबिंगवाला_दादा:
होतं साहेब, वीस वर्षं हेच बघतोय. मिसळीच्या एका ताटलीला चहाचा एक चमचा तर्री चिकटून राहिली तरी दोनशे ताटल्यांचं लिटरभर तेल झालं आणि ते रोज. गरम पाण्यात ते पातळ असतं म्हणून सिंकमध्ये काही दिसत नाही, पुढे पाइपात गार झालं की थिजतं, पाम तेल आणि डालडा तर लगेच. वर सिमेंटच्या चेंबरातलं कॅल्शियम त्याला मिळतं आणि साबणासारखा दगड तयार होतो. लंडनमध्ये 2017 साली व्हाइटचॅपलच्या गटारात असाच 250 मीटर लांब, 130 टनांचा गोळा सापडला होता.

जेटिंगने ते फक्त पुढच्या चेंबरला ढकललं जातं. ग्रीस ट्रॅप बसवाच, पण हॉटेलच्या सिंकची लाइन तुमच्या मेन लाइनला मिळायच्या आधी, आणि संडासची लाइन त्यात अजिबात सोडू नका. ट्रॅपमध्ये पाणी संथ होतं, तेल वर येतं, गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी पुढे जातं, एवढंच त्याचं काम. वरचा थर आणि खालचा गाळ मिळून खोलीच्या पाव भागाएवढे झाले की साफ करायचा, नाहीतर तो असून नसल्यासारखा. आणि ते ‘तेल विरघळवणारं’ लिक्विड कोणी खपवायला आलं तर घेऊ नका, तेल ट्रॅपमधून निसटून पुढे जाऊन परत थिजतं.

खानावळवाली_नाशिक:
दादा म्हणतात ते खरंय, माझी खानावळ आहे म्हणून सांगते. आधी आम्हीपण खरकटं मोरीतच धुवायचो. आता पोरं ताटं आधी हाताने डब्यात निपटतात, कढई गार झाली की रद्दी पेपरने पुसतात आणि मगच पाणी लागतं. सिंकखालच्या ट्रॅपचं झाकण सकाळी पहिलं पाणी सोडायच्या आधी उघडायचं, रात्रभरात तवंग घट्ट झालेला असतो, झाऱ्याने साईसारखा निघतो. वास येतो, पण पंधरा मिनिटांचं काम आहे.

तळणीचं काळं तेल वेगळ्या डब्यात ठेवा. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2018 मध्ये रुको नावाची योजना सुरू केली, त्यात हे तेल बायोडिझेलवाले गोळा करतात, वर त्याचे पैसेपण मिळतात. हे हॉटेलवाल्यांना सांगा, नुसतं भांडून कोणी ऐकत नाही.

मैला_नको_माणूस_हवा:
सेक्रेटरीसाहेब, एक हात जोडून विनंती. चेंबर कितीही तुंबलं तरी कोणाला आत उतरवू नका, पाचशे रुपयांत उतरणारा माणूस मिळतो म्हणून तर मुळीच नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त झाला की वास यायचाच बंद होतो आणि माणूस जागीच कोसळतो. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूसाठी 30 लाखांची भरपाई ठरवली. हॉटेलवाल्यांबरोबरच्या मीटिंगमध्ये हे आधी बोला.

कोथरूडचा_सेक्रेटरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या वेळी जेटिंगवाल्याचा पोरगा कमरेपर्यंत आत उतरला होता आणि मी शेजारीच उभा होतो, हे वाचून रात्री झोप लागली नाही. आज दोघाही हॉटेलवाल्यांना चेंबर उघडून दाखवलं. मिसळवाले तयार आहेत, चायनीजवाले म्हणतात किचनमध्ये जागा नाही. दादा, बाहेर फरशीखाली बसवता येईल का?

प्लंबिंगवाला_दादा:
येईल, फक्त झाकण एकट्या माणसाला उचलता येईल असं ठेवा आणि त्यावर गाडी पार्क होऊ देऊ नका. सिंकपासून ट्रॅपपर्यंतच्या लाइनचा फोटो आणि उतार किती ते टाका, साइज सांगतो.