अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या मधल्या आदेशांवरच्या अपिलांमुळे कंपन्यांचे दावे रखडतात. कलम ४२१ बदलायला हवे का?

सांगलीकर:
कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२१ नुसार एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे ट्रिब्युनल) आदेशाविरुद्ध एनसीएलएटीत (त्यावरचे दिल्लीतले अपील न्यायाधिकरण) अपील करता येते. संमतीने झालेला आदेश तेवढा वगळलाय. त्यामुळे कागदपत्रे दाखवा, अमुक दिवसांत उत्तर द्या, असल्या आदेशांवरही लोक दिल्ली गाठतात. कलम ४२२ मात्र अर्ज तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करा म्हणते!

आमच्या नात्यातली एक कंपनी. थोरल्याने राइट्स इश्यू (आहे त्या भागधारकांना नवे शेअर विकणे; जो घेत नाही त्याचा वाटा घटतो) आणून धाकट्याचा हिस्सा पार खाली आणला. ट्रिब्युनलने हिशेबाची पुस्तके धाकट्याला तपासू द्या म्हटल्यावर थोरल्याने अपील ठोकले. स्थगिती मिळाली नव्हती. तरी मुंबईत दर वेळी त्याचा वकील उभा राहून ‘अपील पेंडिंग आहे’ म्हणायचा आणि पुढची तारीख पडायची. तोवर दोन मशिनं विकली गेली. नुसते अपील दाखल केले म्हणजे स्थगिती नव्हे, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ५ मध्ये स्वच्छ लिहिलंय.

वाणिज्यिक न्यायालये कायदा २०१५ च्या कलम १३ ने कुठल्या अंतरिम आदेशांवर अपील चालेल ते बांधून दिलंय. मनाई हुकूम, रिसीव्हर (मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेला माणूस) वगैरे. तेच इथे आणा.

कायदेवाचक:
असहमत. टाटा सन्स आणि सायरस मिस्त्रींच्या कंपन्यांचा वाद आठवा. २०१७ मध्ये एनसीएलटीने मिस्त्रींच्या कंपन्यांना अर्जासाठी लागणाऱ्या किमान भागभांडवलाच्या अटीतून सूट नाकारली, एनसीएलएटीने ती दिली, म्हणून तर अर्ज गुणदोषांवर ऐकला गेला. अपीलच नसतं तर?

सांगलीकर:
त्या आदेशाने अर्जच संपत होता. अशावर अपील हवेच, त्याला माझा विरोध नाही. माझा रोख मधल्या किरकोळ आदेशांवर आहे.

कायदेवाचक:
किरकोळ कुठला हे कोण ठरवणार? झी एंटरटेनमेंट आणि तिची भागधारक इन्व्हेस्को यांचा वाद बघा. भागधारकांची सभा बोलावण्याच्या इन्व्हेस्कोच्या अर्जावर उत्तर द्यायला झीला पुरेशी मुदत दिली नाही, असं म्हणत एनसीएलएटीने ७ ऑक्टोबर २०२१ ला हस्तक्षेप केला. तुमच्या यादीत ‘उत्तराची मुदत’ बसत नाही, म्हणजे ते अपील बाद. अंतिम अपिलात तक्रार करा म्हणाल, पण तोवर सभा होऊन संचालक बदललेले असतात. कंपनीत एकदा मतदान झालं की मागे फिरवणं महाकठीण.

लेखापाल:
दोघांनाही विचारतो, खरा खोळंबा अपिलाने होतो का? डिसेंबर २०१६ पासून दिवाळखोरीची प्रकरणेही एनसीएलटीच्या त्याच सदस्यांच्या बोर्डावर आली. जागा रिकाम्या राहतात, ऐकायला बेंच बसत नाही. अपिले बंद केलीत तरी तारीख पडायची तशीच पडेल.

सांगलीकर:
सदस्य वाढवायलाच हवेत, वाद नाही. पण आमच्या प्रकरणात बेंच बसत होते, ऐकून घ्यायला तयार होते. अपिलाचं कारण पुढे करून थांबवलं गेलं. महाराष्ट्रातल्या पक्षकाराला अपील म्हणजे दिल्ली, दुसरा वकील, दुसरी फी. ज्याच्या हातात कंपनीची तिजोरी आहे त्याला ते परवडतं.

कायदेवाचक:
तिजोरीचा मुद्दा मान्य, पण त्यावर इलाज दाव्याच्या खर्चाचा आहे. उगाच केलेल्या अपिलावर दणदणीत खर्च बसवा, तोही कंपनीच्या खात्यातून नाही, संचालकाच्या खिशातून. दार बंद केलंत तर उद्या धाकट्यालाच अपील करायची वेळ येईल आणि त्याला जागा उरणार नाही.

सांगलीकर:
धाकट्याचं म्हणाल तर पटतं. मग यादी सोडा, एवढं करा: स्थगितीचा लेखी आदेश दाखवल्याशिवाय एनसीएलटीने अपिलाच्या नावावर तारीख देऊ नये, आणि अंतरिम अपिलात स्थगिती द्यायची की नाही हे पहिल्याच सुनावणीला ठरावं. याला तुमची हरकत आहे का?

कायदेवाचक:
पहिल्याला अजिबात नाही. दुसऱ्याला आहे. समोरच्याला नोटीस न देता पहिल्याच दिवशी स्थगिती ठरवायची म्हटलं तर एकतर्फी स्थगित्याच वाढतील.