मोगऱ्यासारख्या फुलांचं झुडूप अंगणभर पसरतंय: हे काय आहे, आणि आवरायचं कसं?

अंगण_इंदूर:
लोकमान्यनगरात घर, पुढे 10 बाय 15 फुटांचं अंगण, माती काळी. कुंपणाशी कमरेएवढं झुडूप आहे. पानं तळहाताहून मोठी, हृदयाच्या आकाराची, कडा दातेरी. चुरगळली की उग्र वास येतो. फुलं मात्र सुवासिक, पांढरी, गुलाबी झाक असलेली, गच्च गुच्छात. आता सहा फुटांवर, पेव्हर ब्लॉकच्या फटींतून आणि तुळशीवृंदावनाजवळही कोंब निघतायत. उपटले की पंधरा दिवसांत दुप्पट. ही घाणेरी आहे का? शेजारचा बटमोगरा वाचवायचा आहे. मीठ किंवा रॉकेल ओतू का?

पानफूल:
घाणेरी नाही. तिचं खोड चौकोनी, बहुधा काटेरी. फुलं बारीक, पिवळी-केशरी-गुलाबी अशी रंग बदलणारी. आणि ती पसरते पाखरांनी खाल्लेल्या काळ्या फळांतून. तुमचा हा हजारी मोगरा, शास्त्रीय नाव क्लेरोडेंड्रम चायनेन्स. नाव मोगऱ्याचं, पण मोगऱ्याच्या कुळातला नाही. दुहेरी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे बी जवळजवळ धरतच नाही. म्हणजे फुलं खुडून काही उपयोग नाही. सगळा पसारा जमिनीखाली आडव्या धावणाऱ्या मुळांचा आहे.

मीठ अजिबात नको. काळ्या मातीत सोडियम गेलं की माती चिकट आणि घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि आधी मरेल तो बटमोगरा. रॉकेलने माती तेवढी नासेल, मुळं पुढून फुटतीलच.

काळीमाती:
उपटल्यावर दुप्पट का होतं, तर मूळ तुटतं आणि राहिलेल्या प्रत्येक तुकड्याला कोंब फुटतो. म्हणून ओढायचं नाही, उकरायचं. वेळही महत्त्वाची. मे महिन्यात आपली माती दगड होते, मूळ कटकन तुटतं. भर पावसात चिखल नुसता कुदळीला चिकटतो. पाऊस उघडल्यावर दोन-चार दिवसांनी वापसा आला की करा. मूठभर माती दाबून सोडली आणि ती भुसभुशीत फुटली तर समजा वेळ झाली.

खोड वीतभर ठेवून वरचं छाटा. तो खुंट हातात धरायला लागतो. मग खोडापासून दीड-दोन फुटांवर पहार तिरकी घालून माती सैल करा आणि मुळाच्या मागे मागे हाताने, खुरप्याने जा. मुळं बहुतेक वरच्या फूटभरातच असतात. कुदळ मारू नका, तिने तुकडे होतात. काढलेली मुळं सिमेंटच्या ओट्यावर कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. ओली मुळं घरच्या खतात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकलीत तर तिथे नवं झुडूप उभं राहील.

पुढे निदान एक पावसाळा दर 10-12 दिवसांनी फेरी मारा. कोंब चार बोटांचा असतानाच खुरप्याने मुळासकट काढा. हातभर वाढू दिला की त्याची पानं मुळांना पुन्हा अन्न पुरवतात आणि आधीची मेहनत वाया जाते. लोक कंटाळतात ते इथेच.

अंगण_इंदूर:
पेव्हरखाली आणि मोगऱ्याच्या मुळांत गुंतलेल्याचं काय? ग्लायफोसेट हे तणनाशक चालेल?

पानफूल:
फवारणी नकोच, थेंब मोगऱ्याच्या पानावर पडला तरी तो आत भिनतो. शिवाय 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली आहे. त्यामुळे अगदीच गरज पडली तर ऑपरेटरला बोलवा आणि ताज्या कापलेल्या खुंटावर लगेच, ब्रशनेच लावायला सांगा. काप सुकला की औषध आत जात नाही.

इतक्याशा अंगणात त्याची गरज पडू नये. पेव्हरच्या त्या ओळी उचला, मुळं काढा, वाळू पुन्हा दाबून बसवा. मोगऱ्यात गुंतलेली मुळं हिवाळ्यात, मोगरा छाटायच्या वेळी, त्याचा गड्डा मातीसकट उचलून बोटांनी सोडवा. हजारी मोगऱ्याचं मूळ जाड, मोगऱ्याचं बारीक तंतूंचं. शंका वाटली तर कोंबापासून मागे चाचपत जा.

काळीमाती:
कुंपणापलीकडेही झाड असेल तर दीड फूट खोल अखंड जाड प्लास्टिकचा पत्रा उभा पुरा, दोन इंच वर ठेवून. विटांची भिंत नको: काळी माती उन्हाळ्यात आकसते, सांधे उघडतात आणि मूळ तिथूनच शिरतं. फुलं हवीच असतील तर एक रोप 14 इंची कुंडीत ठेवा, पण कुंडी विटांवर चढवून, फरशीवर. जमिनीवर टेकवलीत तर खालच्या भोकातून मूळ पुन्हा अंगणात उतरेल.