शब्दचर्चा : 'समुद्रसपाटी'तली सपाटी नेमकी कुठली?

वारणाकाठ
'जीपीएसनुसार कोल्हापूरची समुद्रसपाटीपासून उंची 485 मीटर' असं एखाद्या टिपणात असेल आणि शेजारीच आलमट्टीची पूर्ण संचय पातळी 519.60 मीटर लिहिलेली असेल, तर नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या धरणातलं पाणी शहराच्या वर ठरतं. यात चूक आकड्याची की शब्दाची?

ओळंबा
शब्दाची. उपग्रह देतो ती उंची एलिप्सॉइडपासूनची असते. एलिप्सॉइड म्हणजे 6378137 मीटर विषुववृत्तीय त्रिज्येचा, गणितानं आखलेला गुळगुळीत पृष्ठभाग. त्याला पाण्याशी काही देणंघेणं नाही. समुद्रसपाटी म्हणताना मनात असतो तो जिऑइड, म्हणजे सरासरी समुद्रपातळीशी जुळणारा आणि जमिनीखालूनही तसाच पुढं नेलेला पृष्ठभाग, ज्यावर पाण्याला कुठंही वाहायला कारण उरत नाही. आपल्याकडं हा जिऑइड एलिप्सॉइडच्या खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तो सुमारे 106 मीटर खाली जातो, जगातला सर्वांत खोल खळगा तोच. कोल्हापुरातही फरक साठ मीटरहून जास्त भरतो. शहर साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे आलमट्टीच्या वरच.

सूत्र सोपं आहे : समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे उपग्रहाची उंची वजा जिऑइडचा फरक (जिऑइड एलिप्सॉइडच्या किती वर, तो). पण फरक स्वतःच उणे असल्यामुळं आपल्याकडं तो मिळवावा लागतो. चिन्ह उलटं घेतलं की चूक दुप्पट, सव्वाशे मीटरच्या घरात.

पाणसळ
सपाटी म्हणजे सपाट नव्हे, हेही सांगायला हवं. गवंड्याच्या पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आला की त्या जागचा पृष्ठभाग ओळंब्याला काटकोनात असतो, इतकंच. असे काटकोन जोडत गेलं की जो वाकडातिकडा पृष्ठभाग तयार होतो, ती 'सपाटी'. डोंगराचं वस्तुमान ओळंबा किंचित ओढतं, म्हणून तो वाकडातिकडा. जिऑइडला मराठी शब्द हवाच असेल तर मी 'जलसम पृष्ठ' म्हणेन. 'भूरूप' वाचलं की डोंगरदऱ्या डोळ्यांसमोर येतात.

वारणाकाठ
आणि 'गुरुत्वाकर्षण' की 'गुरुत्व'?

ओळंबा
या कामात गुरुत्व. गुरुत्वाकर्षण म्हणजे फक्त वस्तुमानाची ओढ. गुरुत्वात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणामही धरलेला असतो. ओळंबा दोन्हींची बेरीज दाखवतो. गुरुत्व विषुववृत्तावर साधारण 9.780 आणि ध्रुवांवर 9.832 मीटर प्रति सेकंद वर्ग. त्यामुळं वेगवेगळ्या उंचीवरच्या दोन सपाट्या एकमेकींना समांतर नसतात : विषुववृत्तावर 500 मीटर अंतर असेल, तर ध्रुवाजवळ 497.4 उरेल. म्हणून लांब पल्ल्याच्या लेव्हलिंगमध्ये (उभी मोजकाठी वाचत टप्प्याटप्प्यानं उंची पुढं नेणं) काठीवरच्या नुसत्या वाचनांची बेरीज पुरत नाही, वाटेतलं गुरुत्वही मोजावं लागतं. नाहीतर वाचनात एकही चूक नसताना फेरा बंद होत नाही, म्हणजे सुरुवातीच्या जागी परत आल्यावर बेरीज शून्य येत नाही, आणि दोष बिचाऱ्या काठीवाल्यावर जातो.

मापाडी
'पातळी' आणि 'उंची' यांचीही गल्लत होते. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ही ना समुद्रसपाटीपासूनची उंची, ना पाण्याची खोली. तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचं ते वाचन आहे. दोन्हींतला फरक 4 फूट, म्हणजे 1.22 मीटर, कुठंही न्या तेवढाच. मूळ वाचन मात्र शून्याची उंची जोडल्याशिवाय मीटरमध्ये आणू नये. पूररेषेला डेसिमीटर महत्त्वाचे असतात.

जीपीएस रिसीव्हर वापरणाऱ्यांसाठी : जीजीए ओळीत (रिसीव्हर स्थानाची माहिती देतो ती ओळ) समुद्रसपाटीची उंची आणि जिऑइडचा फरक हे दोन रकाने वेगळे असतात. पहिल्यातला आकडा तसाच उचलून त्यात पुन्हा दुरुस्ती लावली की साठ मीटर फुकटचे चढतात. शिवाय दोन मीटरच्या काठीवर अँटेना असेल तर ते दोन मीटर वजा करायचे. आणि एका गावाचा फरक दुसऱ्या गावाला चिकटवू नका. शंभर-दीडशे किलोमीटरवर तो काही मीटरनं बदलू शकतो.

वारणाकाठ
मग वाक्य कसं लिहू?

मापाडी
'एलिप्सॉइडपासून उंची (डब्ल्यूजीएस 84) अमुक मीटर. जिऑइड प्रतिमान ईजीएम 2008 वापरून सरासरी समुद्रपातळीपासून तमुक मीटर.' डब्ल्यूजीएस 84 हे जीपीएसच्या एलिप्सॉइडचं नाव, ईजीएम 2008 हे जिऑइडच्या गणिती प्रतिमानाचं. सर्वेक्षणाच्या बेंचमार्कवरून (उंची ठरवून दिलेली पक्की खूण) लेव्हल आणली असेल तर तसं लिहा. जुन्या बेंचमार्कांचं शून्य 1909 च्या समायोजनात नऊ भरती-ओहोटी केंद्रांच्या सरासरी समुद्रपातळीवर बांधलेलं आहे, ते ईजीएमच्या शून्याशी मिलिमीटरपर्यंत जुळेल असं धरू नका.