बेलामी बंधूंची खरी कारकीर्द कोणती : अमेरिकेतली की युरोपातली?

कानसेन

फ्लोरिडातल्या डार्बी या खेड्यातले हॉवर्ड आणि डेव्हिड बेलामी हे दोघे भाऊ १९७०च्या दशकाच्या मध्यापासून एकत्र गात आले आहेत. त्यांचा विषय निघाला की कंट्री संगीताचे, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या लोकप्रिय गाण्यांचे, जाणकार एक वाक्य हमखास ऐकवतात : ‘अमेरिकेत मागे पडल्यावर त्यांनी युरोप धरला.’ मला हे वाक्य चुकीचे वाटते, आणि ते का चुकीचे आहे हे नीट मांडावे म्हणून हा धागा काढला आहे.

आधी क्रम पाहू. ज्या गाण्याने त्यांना नाव दिले ते ‘लेट युअर लव्ह फ्लो’ त्यांनी लिहिलेले नाही. लॅरी विल्यम्स हे अमेरिकन गायक नील डायमंड यांच्या दौऱ्यांत सामानसुमानाची जुळवाजुळव करणाऱ्या चमूत होते, त्यांनी ते लिहिले, आणि डायमंड यांचे ड्रमवादक डेनिस सेंट जॉन यांच्यामार्फत ते या भावांपर्यंत पोचले. मे १९७६मध्ये ते बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. मात्र अमेरिकेच्या कंट्री यादीत ते पहिल्या विसांतही शिरू शकले नाही. म्हणजे कंट्रीच्या माहेरघरात हे गाणे आपले मानलेच गेले नाही. त्याच वर्षी ते पश्चिम जर्मनीत पहिले आले आणि ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेले. अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिला क्रमांक मिळवायला या भावांना १९७९ साल उजाडावे लागले. युरोपातले यश आधीचे आणि नॅशव्हिलची, म्हणजे कंट्री संगीताच्या धंद्याचे केंद्र असलेल्या शहराची, मान्यता नंतरची असताना ‘मागे पडल्यावर युरोप धरला’ असे कसे म्हणता येईल?

दुसरी गोष्ट त्यांच्या आवाजाच्या घडणीची आहे. घरच्या संत्र्यांच्या बागेत फळे उतरवायला येणारे कॅरिबियन बेटांवरचे मजूर काम करता करता गात असत, आणि ती गाणी कानांवर पडतच आम्ही वाढलो, असे या भावांनी अनेकदा सांगितले आहे. त्यांच्या चालींतली ती हलकी झुलती लय तिथून आली असावी, असे माझे मत आहे. १९८२मध्ये त्यांनी ‘गेट इंटू रेगे काउबॉय’ हे जमैकाच्या रेगे संगीताची लय घेतलेले गाणे केले, तेव्हा नॅशव्हिलच्या चौकटीत अशी सरमिसळ क्वचितच होत असे. सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये काढलेले दिवस आटोपल्यावरही त्यांनी बिऱ्हाड नॅशव्हिलला नेले नाही. ते डार्बीच्या वडिलोपार्जित जमिनीवर, गाईगुरांमध्ये परतले. युरोपातला श्रोता गाणे ऐकताना ते कंट्री आहे की पॉप, असे विचारत बसला नाही. हे दोघे जसे होते तसे तिथे स्वीकारले गेले, आणि म्हणून त्यांची खरी कारकीर्द मी तिथली मानतो.

अमेरिकेने त्यांना कसे वागवले याचे एकच उदाहरण देतो. कंट्री म्युझिक असोसिएशन दरवर्षी सर्वोत्तम गायक जोडीचा पुरस्कार देते. १९८४ साल येईपर्यंत बेलामी बंधूंची सात गाणी कंट्री यादीत पहिली आलेली होती. त्या वर्षीचा पुरस्कार विली नेल्सन आणि स्पेनचे हूलिओ इग्लेसियास यांना, म्हणजे एका गाण्यापुरत्या जमलेल्या जोडीला मिळाला. बेलामींची नामांकने पुढेही होत राहिली, पण तो पुरस्कार त्यांना कधीच मिळाला नाही.

माजघर

कानसेन, आपण क्रम मांडलात तो बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. १९७६च्या एका गाण्याला कारकीर्द म्हणता येत नाही. त्यानंतरची दोन-अडीच वर्षे अमेरिकेच्या पॉप यादीत त्यांना तसे यश पुन्हा मिळाले नाही, आणि गाडी रुळावर आली ती कंट्री रेडिओमुळेच. १९७९ ते १९८७ या काळात त्यांची दहा गाणी अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिली आली. ही दहा गाणी युरोपातल्या दहा श्रोत्यांसमोर ठेवा. त्यांतले दोघेजण तरी ‘डू यू लव्ह ॲज गुड ॲज यू लुक’ किंवा ‘किड्स ऑफ द बेबी बूम’ ओळखतील का? युरोपला दोन गाणी माहीत आहेत. एक आपण सांगितलेले, आणि दुसरे १९७९चे ते शब्दांवर कोटी करणारे, लांबलचक नावाचे ‘इफ आय सेड यू हॅड अ ब्यूटिफुल बॉडी वुड यू होल्ड इट अगेन्स्ट मी’, जे ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. त्यांचे सर्वांत मोठे काम मी १९८५च्या ‘ओल्ड हिप्पी’ला मानतो. त्यातला माणूस पस्तिशीला पोचलेला आहे, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला आहे, केसांत पांढरे दिसू लागले आहे, आणि भोवतीचे नवे संगीत परके वाटू लागल्याने तो कंट्रीकडे वळला आहे. त्याची खंत कळायला अमेरिकेची ती वीस वर्षे ठाऊक असावी लागतात. हे गाणे तिथे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, आणि याच माणसाची पुढची गोष्ट सांगण्यासाठी भावांनी १९९५मध्ये आणि नंतर २००७मध्ये पुन्हा गाणी केली. एखाद्या पात्राला कलावंत बावीस वर्षे सोबत घेऊन चालतो, तेव्हा तो कोणाशी बोलत असतो? स्वित्झर्लंडमधल्या श्रोत्याशी तो नक्कीच बोलत नसतो.

स्टुटगार्टकर

मी बारा वर्षे जर्मनीत राहतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले लिहितो. इथे बाड कानश्टाटच्या मैदानावर शरद ऋतूत मोठी जत्रा भरते. पहिल्यांदा सहकाऱ्यांबरोबर गेलो तेव्हा एका प्रचंड तंबूत लांबच लांब बाकांवर हजारो माणसे बसली होती. वाद्यवृंदाने एक चाल सुरू केली आणि समोरच्या बाकावरच्या साठीच्या बाई चपला काढून बाकावर उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारची विशीतली मुलेही उभी राहिली, आणि सगळा तंबू एका सुरात गाऊ लागला. चाल मला ओळखीची वाटली, शब्द जर्मन होते. मी सहकाऱ्याला म्हणालो की हे तर अमेरिकन गाणे आहे. तो म्हणाला, नाही, हे आमचे जर्मन गायक युर्गेन ड्रेव्ह्स यांचे गाणे आहे.

आम्ही दोघेही बरोबर होतो. ‘लेट युअर लव्ह फ्लो’ची चाल घेऊन ड्रेव्ह्स यांनी १९७६मध्येच ‘आइन बेट इम कॉर्नफेल्ड’ हे गाणे काढले, म्हणजे ‘धान्याच्या शेतातला बिछाना’. शब्दांचा अर्थ मूळ गाण्यापेक्षा अगदी निराळा आहे. मूळ गाण्याप्रमाणेच हेही जर्मन यादीत पहिले आले. गाणे इतके रुजले की ते बाहेरून आले हे लोक विसरले.

म्हणून कानसेन यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. चाल इथली झाली, पण त्या तंबूत बेलामी हे नाव किती जणांना ठाऊक होते, असे विचारले तर उत्तर फार कमी येईल. गाण्याची कारकीर्द आणि गाणाऱ्यांची कारकीर्द या दोन गोष्टी वेगळ्या मानायला हव्यात.

कानसेन

स्टुटगार्टकर, हा भेद महत्त्वाचा आहे आणि मूळ लेखात मी तो करायला हवा होता. तरीही एक जोडतो. नुसती चालच तिथे राहिली असती तर हे भाऊ स्वतः पुन्हा पुन्हा तिकडे गेले नसते, आणि तिथल्या गायकांनी त्यांच्यासोबत अख्खे अल्बम केले नसते. स्वित्झर्लंडच्या बर्न भागातल्या बोलीत गाणारा रॉक गायक गोला याने २०१०मध्ये त्यांच्याबरोबर त्यांची जुनी गाणी नव्याने गायली. ऑस्ट्रियाच्या डीजे ओट्झीनेही त्यांच्याबरोबर अल्बम केला. त्या देशांतली ही आघाडीची नावे आहेत, आणि त्यांना या जोडीशी आपले नाव जोडावेसे वाटले.

माजघर, ‘ओल्ड हिप्पी’बद्दल मात्र आपण मला अडचणीत पकडले आहे. ते गाणे अमेरिकेचेच आहे, हे मी मान्य करतो.

खर्ज

गोला आणि डीजे ओट्झी यांची नावे आपण पुरावा म्हणून दिलीत. मला त्यांत घसरण दिसते. या दोन भावांचे बलस्थान त्यांचा जवळचा स्वरमेळ आहे. सख्ख्या भावांचे आवाज एकाच घरात, एकाच बोलीत घडलेले असतात, त्यामुळे शब्द सोडताना दोघांचा श्वास एकाच जागी तुटतो आणि दुसरा आवाज पहिल्याच्या सावलीसारखा चालतो. तिथे तिसरा, घोगरा, मोठ्या मैदानावर ओरडण्याची सवय असलेला आवाज आणून बसवला की ती सावली पुसली जाते. ओट्झीचा पिंड बर्फावरून घसरून आलेल्या लोकांना संध्याकाळी नाचवण्याचा आहे. त्यात वाईट काहीच नाही, पण बेलामींच्या गाण्याला त्याची गरज नव्हती. परदेशातल्या श्रोत्याने त्यांना जसे होते तसे स्वीकारले असे आपण लिहिलेत. मला तर असे दिसते की त्या श्रोत्याला दरवेळी तीच दोन-तीन गाणी हवी होती, आणि ती पुरवण्यात यांची उतारवयाची वर्षे गेली.

उंबरठा

खर्ज यांचा मुद्दा वाचून आपल्याकडच्या कलावंतांचे परदेश दौरे आठवले. आपले गायक अमेरिकेत किंवा आखातात जातात तेव्हा समोर बसलेला श्रोता बहुतेक मराठीच असतो. महाराष्ट्र मंडळाने बोलावलेले असते, भाषा तीच, आठवणी त्याच, आणि फर्माईशही तीच चार-पाच नाट्यपदे आणि भावगीते. त्याला आपण परदेशातली कारकीर्द म्हणतो खरे, पण ती घरचीच मैफल असते. जागा तेवढी बदललेली असते. बेलामी बंधूंच्या बाबतीत समोरचा श्रोता खरोखर परका होता, आणि त्याच्यापुढे आपल्याच भाषेत गाऊन चाळीस वर्षे टिकणे ही निराळ्याच तोलामोलाची गोष्ट आहे. तीच गाणी मागितली जातात ही तक्रार तर जगातल्या प्रत्येक गायकाची असेल.

फक्त आयर्लंडला या हिशेबातून वगळावे. अठराव्या शतकात आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमधून निघालेल्या लोकांनी पूर्व अमेरिकेतल्या ॲपलाचिया डोंगरांत नेलेली गाणी आणि फिडल, म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन, हा कंट्रीचा एक मूळ झरा आहे. तिथल्या माणसाला हे संगीत ओळखीचे वाटले यात नवल नाही.

माजघर

उंबरठा, परका श्रोता जिंकणे मोठे आहे हे मान्य. पण मग उलट दिशेचे उदाहरणही घ्या. ‘द शायर्स’ ही बेन अर्ल आणि क्रिसी रोड्स यांची इंग्लिश जोडी २०१३मध्ये जमली. नॅशव्हिलच्या मोठ्या कंपनीने करारबद्ध केलेली ब्रिटनची पहिली कंट्री जोडी म्हणून तिचा गाजावाजा झाला. २०१५चा त्यांचा ‘ब्रेव्ह’ हा पहिला अल्बम पहिल्या दहांत आला, पण कुठल्या यादीत? ब्रिटनच्या. वॉर्ड थॉमस या हॅम्पशरच्या जुळ्या बहिणींनी पहिला अल्बम नॅशव्हिलला जाऊन मुद्रित केला, आणि २०१६मध्ये त्यांचा ‘कार्टव्हील्स’ पहिल्या क्रमांकावर गेला तो पुन्हा ब्रिटनमध्येच. परदेशातून शिक्का मिळतो, ध्वनिमुद्रणाची सोय मिळते, चांगले वादक मिळतात. पण गाण्याला घट्ट धरून ठेवणारा श्रोता ज्याचा त्याचा घरचाच असतो. बेलामींचेही तसेच आहे, एवढेच माझे म्हणणे.

कानसेन

हे उदाहरण उलट माझ्याच बाजूचे आहे. घरचा श्रोता धरून ठेवतो हा नियम असेल, तर बेलामींना तो लागू पडत नाही. १९८९नंतर अमेरिकेच्या कंट्री रेडिओवर गार्थ ब्रूक्स यांच्या पिढीची लाट आली आणि आधीच्या दशकातल्या बहुतेक गायकांची गाणी वाजायची थांबली. बेलामी बंधू तोपर्यंत दहा वेळा पहिले आलेले होते, तरी तेही त्यातून सुटले नाहीत. १९९०च्या दशकात त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. रेडिओचे दार बंद असताना स्वतःची कंपनी कशावर चालते? कार्यक्रमांवर, आणि ज्या देशांत गाणे अजून लोकांच्या तोंडी आहे तिथल्या मागणीवर. २००८मध्ये ब्रिटनमध्ये एका क्रेडिट कार्डाची जाहिरात आली. त्यात एक माणूस कचेरीतून निघतो आणि पाण्याच्या घसरगुंडीवरून शहरभर घसरत घरी जातो, आणि मागे हे १९७६चे गाणे वाजते. तेवढ्या जाहिरातीने ते गाणे बत्तीस वर्षांनी ब्रिटनच्या यादीत परत आले.

खर्ज यांचे स्वरमेळाविषयीचे म्हणणे मला पटते. गोलाबरोबरचे ते २०१०चे मुद्रण मी आज पुन्हा ऐकले. जिथे दोघेच भाऊ गातात त्या ओळी आणि जिथे तिसरा आवाज येतो त्या ओळी यांत अंतर पडते, हे खरे आहे.

स्टुटगार्टकर

माजघर यांचे म्हणणे वाचून काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ‘ओल्ड हिप्पी’ त्याच सहकाऱ्याला ऐकवले, ज्याने मला जत्रेतले ते गाणे ड्रेव्ह्स यांचे असल्याचे सांगितले होते. पहिल्यांदा त्याने चाल छान आहे एवढेच म्हटले. मग मी त्याला व्हिएतनाम, पस्तिशी आणि १९८५ हा संदर्भ सांगितला. त्याने गाणे पुन्हा लावायला सांगितले आणि या वेळी तो शेवटपर्यंत काही बोलला नाही. मग त्याने विचारले की याच लोकांनी आणखी काय गायले आहे. मी त्याला शेताच्या बिछान्याची चाल मूळ कोणाची ते सांगितले, तेव्हा त्याने हातातला काटा खाली ठेवला आणि दोन्ही गाण्यांची नावे लिहून घेतली.